हिशेब घरातला : चोवीसची वाटणी

२२ कॅरेट सोने म्हणजे २४ भागांतले २२ भाग सोने, हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. कॅरेटचे नाते अरबी ‘किरात’शी आहे. इजिप्तमध्ये याच किरातने शेतजमीन मोजतात. २४ सहमचा एक किरात, २४ किरातचा एक फद्दान. फद्दान सुमारे ४,२०० चौरस मीटरचा, म्हणजे एक किरात आपल्या जवळपास पावणेदोन गुंठ्यांएवढा.

आपण दहा झाले की हातचा एक धरतो, तिथे चोवीस झाल्यावर धरायचा. ५७६ सहम म्हणजे १ फद्दान, ० किरात, ० सहम.

याचा आपल्याशी संबंध काय? सूरह निसामध्ये वारसांचे ठरवून दिलेले हिस्से सहाच आहेत: निम्मा, पाव, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश आणि सहावा. २४ ही या सर्वांना पुरणारी सर्वांत लहान संख्या. दहाला ३ ने भाग जात नाही, म्हणून दशांशात तृतीयांश ०.३३३… असा संपतच नाही. मग वाटणीला बसलेली मंडळी म्हणतात, ‘किरकोळ आहे, सोडून द्या.’ आणि सोडायला बहुतेक वेळा बहिणीलाच सांगितले जाते!

एक उदाहरण घ्या. मरहूमच्या मागे पत्नी, आई, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत भागवून एक फद्दान जमीन उरली. पत्नीचा आठवा हिस्सा ३ किरात, आईचा सहावा ४ किरात. उरले १७ किरात. मुलाला दोन भाग, मुलीला एक. १७ ला ३ ने भाग जात नाही, पण एक घर खाली उतरा: १७ किरात म्हणजे ४०८ सहम, त्याचा तिसरा भाग १३६. मुलीला ५ किरात १६ सहम, मुलाला ११ किरात ८ सहम. बेरीज करून पाहा, २४ किरात पुरे होतात. दशांशात मुलीचा हिस्सा ०.२३६११… असा लांबत जातो.

आणखी एक सोय आहे. संख्येला ३ ने भाग जातो का हे पाहायला आपण सगळे अंक मिळवतो, ८ साठी शेवटचे तीन अंक तपासतो. चोवीसच्या पद्धतीत २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांसाठी शेवटचे एकच घर पुरते.

आपल्याकडेही ही सोय होती. जुना रुपया १६ आण्यांचा, आणा १२ पैंचा. त्याचा तिसरा हिस्सा ५ आणे ४ पै, सहावा २ आणे ८ पै, आठवा २ आणे. १९५७ साली शंभर नवे पैसे आले आणि तिसऱ्या हिश्श्याला शेपूट फुटले. जुन्या सातबाऱ्यावर आणे-पैत लिहिलेला हिस्सा दिसला, तर तो घाईने टक्क्यांत बदलू नका.

अर्थात चोवीसमध्ये ५ आणि ७ बसत नाहीत. वरच्याच घरात एक मुलगा आणि तीन मुली असत्या, तर १७ किरातचे पाच भाग करावे लागले असते. तिथे फराइजचे जाणकार मूळ संख्याच वाढवतात, याला ‘तसहीह’ म्हणतात. २४ गुणिले ५, म्हणजे १२०. पत्नीला १५, आईला २०, मुलाला ३४, प्रत्येक मुलीला १७.