कारागिराचा हात आणि भागधारकाचा वाटा

चवथीच्या कितीतरी आधी गोव्यातील अनेक घरांतून अजूनही एक लाकडी पाट चित्रशाळेत नेऊन दिला जातो. त्या पाटावर मूर्ती कोणाच्या हातून घडणार, ती केवढी असणार आणि तिचे मोल किती द्यावयाचे, हे सारे दोन पिढ्यांच्या ओळखीतून ठरलेले असते. मूर्तिकार आणि यजमान यांच्यामध्ये तिसरा कोणी उभा नसतो. हस्तव्यवसायाच्या व्यवहाराचे हे सर्वांत निर्मळ रूप होय. परंतु ओळख जेथे संपते तेथे गिऱ्हाईकही संपते, ही त्याची मर्यादा आहे. डिचोलीच्या कुंभाराचा माठ जत्रेच्या फेरीपलीकडे जावयाचा तर त्याला कोणाचा तरी खांदा लागतोच. तो खांदा कोणाचा असावा आणि त्याने भाडे किती घ्यावे, हा प्रश्न जुनाच आहे. आता तो संगणकाच्या पडद्यावर नव्याने उभा राहिला आहे, एवढेच.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००५ साली सुरू झालेल्या एत्सी या संस्थेची कथा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. घरबसल्या विणकाम, भरतकाम, मातीकाम करणाऱ्यांना जगभरचे गिऱ्हाईक मिळवून द्यावे, या हेतूने हा विद्युत्-बाजार काही तरुणांनी उभारला. तो हेतू खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. दहा वर्षांत चौदा लाखांच्या आसपास विक्रेते तेथे आपली पथारी मांडून बसले आणि त्यांत स्त्रियांचीच बहुसंख्या होती. संस्थेने सामाजिक जबाबदारी मानणाऱ्या उद्योगाचे एक प्रमाणपत्रही मिळविले होते. पुढे १६ एप्रिल २०१५ रोजी तिचे भाग नॅस्डॅक या शेअरबाजारात दाखल झाले. सोळा डॉलरला दिलेला भाग संध्याकाळी तीस डॉलरवर स्थिरावला. ज्यांना तो सकाळी मिळाला होता त्यांची पुंजी सूर्यास्तापूर्वी जवळजवळ दुप्पट झाली. त्या दिवशी तेथे विकल्या गेलेल्या एकाही लोकरी टोपीची किंमत मात्र वाढली नव्हती.

पुढचा घटनाक्रम पाहावा. वर्ष उलटण्याच्या आतच भाग दहा डॉलरच्याही खाली घसरला. गुंतवणूकदार अस्वस्थ झाले. २०१७ मध्ये मुख्याधिकारी बदलले गेले, लागोपाठ दोन वेळा नोकरकपात झाली आणि ते सामाजिक जबाबदारीचे प्रमाणपत्रही त्याच वर्षी सोडून देण्यात आले. विक्रीवरील दलाली साडेतीन टक्के होती ती २०१८ मध्ये पाच टक्के झाली आणि २०२२ मध्ये साडेसहा टक्के. हजार रुपयांच्या वस्तूवर पस्तीस रुपये देणारी बाई आता पासष्ट रुपये देऊ लागली. यात मांडणीचे शुल्क, पैसे वळते करण्याचा खर्च आणि मोठ्या विक्रेत्यांवर सक्तीने लादलेला जाहिरातीचा भार धरलेलाच नाही. एप्रिल २०२२ मध्ये हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवून संप केला. ज्यांचा मालक कोणी नाही असे सांगितले जात होते, त्यांनाच संप करावा लागला! दलाली काही कमी झाली नाही. भागाचा भाव मात्र मधल्या काळात, २०२१ मध्ये, तीनशे डॉलरच्या घरात जाऊन आला होता.

शेअरबाजार म्हणजे जुगाराचा अड्डा, असे सरसकट म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. मोठे भांडवल उभे करण्याचा तो एक मान्य मार्ग आहे. परंतु भांडवल पुरविणाऱ्याला दर तीन महिन्यांनी वाढ दिसावी लागते आणि हातमागावरचे कापड तीन महिन्यांत दुपटीने वाढत नाही. हाताला मर्यादा आहे, हीच तर हस्तकलेची व्याख्या. मग वाढ आणावयाची कोठून? एक तर हाताऐवजी यंत्र चालवावे, नाही तर हातांकडूनच अधिक दलाली घ्यावी. एत्सीने कारखानदारांच्या मदतीने बनविलेल्या मालाला २०१३ मध्येच, म्हणजे बाजारात उतरण्यापूर्वीच, दार उघडून दिले होते. आपल्याकडे बंदी असूनही प्लास्टरच्या साच्यातील मूर्ती शाडूच्या नावाने खपविल्या जातात, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती.

याचे भारतीय रूप फॅबइंडियात दिसते. जॉन बिसेल या अमेरिकन गृहस्थाने १९६० मध्ये निर्यातीसाठी सुरू केलेली ही पेढी आज घरोघर ठाऊक आहे. २००७ मध्ये तिने कारागिरांनाही भाग देणाऱ्या प्रादेशिक पुरवठा कंपन्या काढल्या. तो प्रयोग धाडसी होता आणि त्याचे श्रेय द्यावयास हवे. जानेवारी २०२२ मध्ये तिने सुमारे चार हजार कोटी रुपयांच्या भागविक्रीचा मसुदा सेबीकडे सादर केला, तेव्हा सात लाखांहून अधिक भाग कारागिरांना व शेतकऱ्यांना भेट देण्याचा मानस प्रवर्तकांनी जाहीर केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाजाराची हवा अनुकूल नाही म्हणून सारा प्रस्तावच मागे घेण्यात आला. कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण पन्नास हजारांवर कारागीर ज्या व्यवसायाच्या पाठीशी आहेत, त्यांच्या वाट्याचा विषय भेटीच्या स्वरूपात निघावा, हक्काच्या स्वरूपात नव्हे, हे आम्हाला खटकते.

मग सहकार हाच उपाय, असे कोणी म्हणेल. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे धुराडे थंड पडलेले पाहणाऱ्या गोमंतकीयाने तसे एका दमात म्हणू नये. सहकारही सरकारच्या कुबड्यांवर मरतो. उलट १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात ऐंशी रुपये उसने घेऊन सात भगिनींनी सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग आजही कोणत्याही शेअरबाजारात नाही आणि लाटणारी बाई हीच तेथे सभासद आहे. कायद्यानेही आता वाट मोकळी केली आहे. २००२ च्या दुरुस्तीनंतर उत्पादकांना स्वतःची कंपनी काढता येते. तिचे भाग उत्पादकांपाशीच राहतात, शेअरबाजारात जात नाहीत आणि व्यक्तिसभासदांना भाग कितीही असले तरी मत एकच असते. शेतमालासाठी अशा कंपन्या पुष्कळ निघाल्या. हातकामासाठी त्या मानाने फार थोड्या.

येथे आम्हाला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पांढुर्णा-सौंसर या मराठी मुलखाची आठवण होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्यप्रदेशात राहिला आणि २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील संत्रे नागपूरच्या नावाने ओळखले जाते. पिकविणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव त्या शेतकऱ्याला नवा नाही. सौंसर भागात हातमाग आहे, आणि त्याच तालुक्यातील बोरगावला रेमंडची गिरणी आहे. गिरणीला भांडवल शेअरबाजारातून मिळाले, ते योग्यच झाले. यंत्रांना तेच लागते. हातमागावरच्या विणकराला मात्र भांडवलापेक्षा अधिक निकड आहे ती उधारीवर सूत मिळण्याची, माल गेल्यावर पंधरा दिवसांत पैसे हाती पडण्याची आणि कापडावर आपले नाव राहण्याची.

आमच्या हस्तकला महामंडळाने मूर्तिकारांना अनुदान द्यावे, ते देतेही. पण परदेशी विद्युत्-बाजारात दुकान थाटून देण्याची योजना उद्या पुढे आली, तर दलालीचा दर किती वर्षे बदलणार नाही हे करारात लिहून घेतल्याखेरीज एकाही कारागिराची सही घेऊ नये. दुकान कारागिरांच्या उत्पादक कंपनीच्या नावाने असावे आणि गिऱ्हाइकांची यादी तिच्याच ताब्यात राहावी. ती यादी हाताशी असली तर बाजार सोडता येतो. आमच्या चित्रशाळेतील मूर्तिकाराला कोणाच्या घरचा पाट कोणता, हे वहीत न पाहताही सांगता येते.