इंजिन ठोके देऊ लागले तर...

लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीचे इंजिन ठोके देऊ लागले, की मालकाच्या डोळ्यांपुढे खर्चाचा आकडा उभा राहतो. पण प्रत्येक ठोका महागात पडतोच असे नाही. प्रथम गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकने ऑइल पाहावे. कमी असेल तर आधी ते भरावे.

मग आवाज नीट ऐकावा. वरून बारीक टकटक येत असेल, तर बहुधा टॅपेट सैल झालेले असतात, काम किरकोळ. सकाळी येणारा आणि इंजिन तापल्यावर विरणारा आवाज झिजलेल्या पिस्टनचा असू शकतो. अशी गाडी पुष्कळदा बरेच दिवस साथ देते.

मात्र खालून जड ठोका येत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेल्याचा संशय घ्यावा. पेट्रोल गाडीत मेकॅनिक एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करून पाहतो. ज्याचा बंद केल्यावर ठोका मंदावतो, दोष बहुधा तिथलाच. अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नये, ओढून न्यावी. बेअरिंगचा खर्च टळणार नाही, पण क्रँकशाफ्ट वाचू शकेल.