राक्षसाचे दहा वार आणि घातांक

दिग्रसची शाळा असो वा मुंबईची, मधल्या सुट्टीत मोबाइलवरच्या कठीण खेळांच्या गप्पा रंगल्या की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. या गप्पांत दडलेले बीजगणित मात्र कुणी पाहत नाही.

समजा, एका खेळात राक्षसाचे लागोपाठ १० वार चुकवायचे आहेत. प्रत्येक वार चुकवण्याची शक्यता १/२ धरली, तर दहाही चुकवण्याची शक्यता १/२ चा दहावा घात, म्हणजे १/१०२४ होते. सरावाने ती १/२ ची ९/१० झाली, तर ९/१० चा दहावा घात सुमारे ०.३५ येतो. हजार डावांत जेमतेम एकदा जिंकणारा आता शंभरांत पस्तीस वेळा जिंकेल!

आता नेहमीची चूक पाहा. २ चा तिसरा घात गुणिले २ चा सातवा घात, हे उदाहरण घातले की पुष्कळ विद्यार्थी घातांक २१ लिहितात. खेळाडू मित्र सांगेल, ‘अरे, आधी ३ वार, मग ७ वार, एकूण वार दहाच ना?’ म्हणून घातांकांची बेरीज करायची.

तासन् तास खेळत बसावे, असे आमचे म्हणणे नाही. अभ्यास बुडवून मिळवलेला विजय काय कामाचा? पण अशा मित्राच्या हाती शिक्षकांनी एकदा खडू जरूर द्यावा. त्याने नुसते उत्तर सांगितले तर ती नक्कल ठरेल. बेरीज का करायची, हे पटवून दिले तर तेच खरे शिक्षण.