पाणी चढलं, पाणी उतरलं

जुन्या वस्तूंना गंजापेक्षा नातेवाइकांचं भय अधिक, असं माझं ठाम मत आहे. गंज बिचारा सावकाश खातो. नातेवाईक रविवारी सकाळी येतात आणि जेवणाची पानं मांडायच्या आत निकाल लावून मोकळे होतात.

यांच्यात दोन पंथ आहेत. पहिला भंगारपंथ. लोखंडावर तांबडा ठिपका दिसला की यांच्या कानात भंगारवाल्याची आरोळी घुमू लागते. दुसरा चकचकपंथ. हे लोक वस्तू टाकत नाहीत. आरशासारखी घासतात आणि काचेच्या पेटीत घालून दिवाणखान्यात टांगतात. पहिल्यांच्या हातून वस्तू मरते. दुसऱ्यांच्या हातूनही मरते, फक्त वर पावडर लावली जाते.

आजोबांच्या वस्तऱ्यावरून हे दोन्ही पंथ आमच्या महाडच्या घरात समोरासमोर आले. २२ जुलै २०२१ च्या पुरात जी कपाटं बुडाली, त्यांतल्या एकात हा वस्तरा होता. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून माणसं गेली; तेव्हा वस्तऱ्याचं नाव काढायची ती वेळच नव्हती. पुसून, तेल लावून तो डब्यात ठेवला, आणि बऱ्याच दिवसांनी डबा उघडला.

"अरे, धनुर्वात होईल! टाक तो," आत्या म्हणाली. भाचा मात्र ओरडला, "मामा, शिवकालीन!"

त्याचाही दोष नाही. इकडे रायगड, तिकडे प्रतापगड, मधे तानाजीचं उमरठ. आमच्या मुलखात गंजका खिळादेखील शिवकालीनच असतो. पण या वस्तऱ्यावर 'मेड इन जर्मनी' असा शिक्का होता, आणि असले शिक्के सुरू झाले ते इंग्रजांच्या १८८७ च्या कायद्यामुळे. महाराजांनंतर दोनशे वर्षांनी! भाचा क्षणभर हिरमुसला, आणि मग म्हणाला, "ठीक आहे, पुण्याला नेऊन मशीनवर पॉलिश मारून आणतो."

इथे मला तोंड उघडावं लागलं. अहो, वस्तरा म्हणजे पोलाद, आणि पोलादाचा जीव त्याच्या पाण्यात. तापवून लाल केलेलं पातं एकदम थंड करतात, मग ते काचेसारखं तडकू नये म्हणून पुन्हा हलकेच तापवतात, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास. कागदासारखी पातळ धार फिरत्या मशीनवर धरली की बघता बघता त्याहून जास्त तापते. तिच्यावर निळी झाक आली की समजावं, पाणी उतरलं. मग पातं कितीही चमको, धार टिकायची नाही. सावित्रीचं पाणी चढलं म्हणून वस्तऱ्याचं पाणी उतरत नाही. ते उतरतं पुण्याच्या मशीनवर!

शेवटी मी पोलादपूर गाठलं. गावाच्या नावातच पोलाद आहे, आणि तिथे उभी हयात वस्तरे लावण्यात घालवलेले एक म्हातारे कारागीर आहेत. सलूनवाले अर्धं ब्लेड घालायचे वस्तरे वापरू लागले, तसं त्यांचं काम बसलं. मी आजोबांची महती सांगू लागलो, तर म्हणाले, "मास्तर, आजोबा मागनं. आधी धार बघू."

त्यांनी भिंग घेतलं आणि नख धारेवरून आडवं फिरवलं. चीर असती तर तिथेच हात जोडायचे. डाग देऊन सांधायला जावं तर त्या आचेने पाणी जातं. चीर नव्हती. पात्याच्या अंगावरचे खड्डे त्यांनी मोजलेसुद्धा नाहीत. धारेजवळचे मात्र एकेक पाहिले, कारण दगडावर घासताना तसा खड्डा काठाशी आला की धार तिथेच तुटते. मग पाठ पाहिली. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकतात, म्हणून धारेचा कोन पाठच ठरवते. ती झिजली की कोन बिघडतो. पाठ शाबूत होती.

मग त्यांनी मूठ नाकाशी धरली. "सेल्युलॉइड. कुजलंय. यानंच खाल्लंय." जुनं सेल्युलॉइड सडलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते, आणि मिटलेल्या वस्तऱ्याची धार नेमकी त्याच मुठीत झोपलेली असते. म्हणजे निम्मा आरोप सावित्रीवरून उतरला!

"होईल," ते म्हणाले. "मूठ टाका. काठ तांदळाच्या दाण्याएवढा मागं जाईल. काळं आहे ते राहू द्या."

"डाग तसेच?" भाच्याने नंतर विचारलं.

तसेच! दुरुस्ती म्हणजे वस्तूला तिचं काम परत देणं, तिचं वय चोरणं नव्हे. चीर निघाली असती तर मी वस्तरा मेला असं म्हटलं असतं, तेल लावून ठेवला असता. पण मेलेल्याला बाशिंग बांधलं नसतं. आणि जो अजून दाढी करू शकतो त्याला भंगारात घालायचं, तर आमच्या वयाच्या माणसांनी झोपताना दाराला कडी लावलेली बरी.

आता वस्तऱ्याला सागवानी मूठ आहे, पातं काळंबेरं आहे, आणि गाल गुळगुळीत होतो. भाचा म्हणतो, याचा फोटो चांगला येत नाही. आजोबांचाही कधी आला नाही.