आम्ही ब्लूज वाचत होतो

वर्गात 'ब्लूज' हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे उच्चारत आलो. लँग्स्टन ह्यूजचा १९२६ सालचा 'द वेअरी ब्लूज' हा संग्रह शिकवायचा, तर त्या शब्दावर पाच मिनिटे खर्च करणे भागच असते. गुलामगिरी, कापसाची शेते, दुःखाचे गाणे असे सांगायचे, फळ्यावर तीन ओळींची आकृती काढायची (पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरी वेगळी) आणि पुढे सरकायचे. विद्यार्थी उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, त्यांना गुण मिळतात. या सर्व व्यवहारात ब्लूज ऐकण्याची गरज कोणालाच पडली नाही, आम्हालाही नाही. मराठी समीक्षेचे या विषयाशी असलेले नाते साधारण याच प्रकारचे आहे, असे आमचे मत झाले आहे. आणि ते होण्यास कारणीभूत ठरली जासईतली एक हळद.

जासई हे उरण आणि पनवेल यांच्यामधले आगरी गाव. दि. बा. पाटलांचे जन्मगाव म्हणून, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबाराला बळी पडलेल्या पाच शेतकऱ्यांमुळे, या परिसराचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. भातशेती आणि मिठागरे जिथे होती तिथे आता कंटेनरची आगारे आहेत. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला शिवडीचा सागरी सेतू इथून जवळच, चिर्ल्याला उतरतो. अशा गावात एका स्नेह्याच्या घरी हळदीला आम्ही गेलो होतो. बँडवाले जेवायला बसले होते आणि तेवढ्या शांततेत घरातल्या चार वृद्ध स्त्रियांनी धवला धरला. आगरी लग्नांत पूर्वी लग्नाचा विधीच धवलारीण गाण्यातून चालवीत असे. आता तिला अशी जेवणाच्या सुट्टीतली जागा मिळते.

बँडमधला एक सॅक्सोफोनवाला लवकर उठला होता. त्याने उगाच, गंमत म्हणून, बायकांच्या चालीत वाद्य मिसळले. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची आणि मध्ये श्वासापुरती जी फट राहते, तिथे याचे दोन-तीन सूर. प्रथम ते स्वच्छ आणि म्हणूनच चुकीचे वाटले. बायकांचा गंधार त्याच्या गंधारापेक्षा किंचित खाली होता. मग त्याने ओठ सैल केला, सूर थोडा घसरू दिला, आणि तो बसला. बायका हसल्या, पण थांबल्या नाहीत. पाचसात मिनिटे हे चालले असेल. मग ध्वनिक्षेपक सुरू झाला आणि विषय संपला. नंतर चहाच्या वेळी त्याने सांगितले की मुंबईत एका गोवेकर उस्तादाकडे तो शिकला, आणि ओठ सैल पडावा म्हणून ते उस्ताद त्याच्याकडून 'ब्लू' वाजवून घेत. 'ब्लू म्हणजे काय?' असे आम्ही विचारले, तर त्याने आमच्याकडे थोड्या आश्चर्याने पाहिले. आपण अनेक वर्षे शिकवत असलेल्या गोष्टीविषयी असे अजाणपणे विचारण्याची वेळ शिक्षकावर क्वचित येते.

त्यानंतर आम्ही ऐकू लागलो. आणि ऐकू लागल्यावर पहिला धक्का असा की, 'पारंपरिक ब्लूज सॅक्सोफोनवर' ही कल्पनाच शुद्धतावाद्यांना चालण्यासारखी नाही. हे वाद्य बेल्जियमच्या अॅडॉल्फ सॅक्सचे. १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले, आणि लष्करी बँडपथकांत ते रुजले. ब्लूज मात्र मिसिसिपीच्या शेतांतला, गळ्याचा आणि गिटारचा. डब्ल्यू. सी. हँडी याने १९०३ साली टटवायलर नावाच्या रेल्वे स्थानकावर एक माणूस गिटारच्या तारांवर चाकू घासत गाताना ऐकला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. सॅक्सोफोन या गाण्यात आला तो शहरांतून, नाचाच्या दिवाणखान्यांतून. तेव्हा अस्सल ते गिटारचे आणि सॅक्सोफोनचे ते उसने, असा निवाडा सोपा आहे. आपल्याकडेही लोकगीतात क्लॅरिनेट वा बँजो आला की अभ्यासकांच्या कपाळावर अशीच आठी पडते. आम्हाला हा निवाडा मान्य नाही, आणि त्याचे कारण वाद्याच्या घडणीतच आहे.

ब्लूजच्या सप्तकात तिसरा आणि सातवा सूर नेमक्या जागी उभे राहत नाहीत. कोमल आणि शुद्ध यांच्यामध्ये ते लोंबकळतात. पियानोला ही मधली जागा नाही, म्हणून पियानोवाले शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून तिचा भास निर्माण करतात. (आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दारे बंद केली होती, त्यामागची तक्रार याच जातीची होती.) सॅक्सोफोनचे अंग पितळेचे असले तरी आवाज वेताच्या पातीचा. चाव्यांनी सूर ठरतो खरा, परंतु ओठाच्या दाबाने तो खाली-वर ओढता येतो. म्हणजे यंत्र ठरीव, आणि त्यातून निघणारा आवाज मात्र गळ्याच्या सवयी सांभाळणारा. हे वाद्य ब्लूजमध्ये नंतर आले, पण पाहुण्यासारखे राहिले नाही.

दुसरी गोष्ट फळ्यावरच्या आकृतीची. तीन ओळी, प्रत्येकीला चार बार, एकूण बारा. परंतु गायिका प्रत्येक ओळीसाठी मिळालेल्या जागेपैकी साधारण निम्मीच वापरते. उरलेली मोकळी असते आणि तिथे वाद्य उत्तर देते. १९२५ साली बेसी स्मिथने 'सेंट लुईस ब्लूज' गायले तेव्हा त्या मोकळ्या जागेत लुई आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट होते. छापील पानावर ही जागा दिसत नाही. तिथे तीन ओळी एकाखाली एक बसवलेल्या असतात, आणि दुसरी ओळ पहिलीचीच असल्यामुळे वाचकाला ती भरताड वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्यांदा येणारी ओळ खालची स्वरसंगती बदलल्यामुळे वेगळ्या अर्थाने येते. मधल्या उत्तराने तिला धक्का दिलेला असतो. आम्ही ओळी शिकवल्या आणि त्यांच्यामधली जागा गाळली. म्हणजे निम्मा ब्लूज गाळला.

आणि म्हणूनच शब्द पूर्णपणे काढून टाकून एकटा सॅक्सोफोन बारा बार वाजवतो, तेव्हा साहित्याच्या माणसाने ते अवश्य ऐकावे. चार्ली पार्करचे १९४८ चे 'पार्कर्स मूड' घ्या, किंवा सॉनी रोलिन्सचे १९५६ चे 'ब्लू सेव्हन'. हे दुसरे तर केवळ बासच्या तारांनी सुरू होते. रोलिन्स येतो तो दोनतीन सुरांचा एक तुकडा टाकतो, गप्प बसतो, पुन्हा टाकतो. विधानही त्याचेच, मौनही त्याचेच आणि उत्तरही त्याचेच. गुंथर शुलर याने १९५८ साली या एका वादनावर सविस्तर समीक्षालेख लिहिला आणि आशयसूत्राचा विकास उत्स्फूर्त वादनातही कसा साधतो, हे कवितेचे रसग्रहण करावे तसे दाखवले. आमच्या अभ्यासमंडळांना हा लेख पाठ्य म्हणून सुचेल, अशी आशा आम्ही बाळगत नाही.

रोलिन्सचे नाव मुद्दाम घेतले. हा कृष्णवर्णीय वादक १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतात आला आणि काही महिने राहिला, तो पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. पुढे १९७८ च्या पहिल्या जॅझयात्रेतही तो मुंबईत वाजवून गेला. त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले होते आणि कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधत होते. १९७२ मध्ये पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. 'गोलपिठा' त्याच वर्षीचा. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. हा संबंध आपल्या वाङ्मयेतिहासातला महत्त्वाचा अध्याय आहे, आणि ज्यांच्याकडे ना ध्वनिमुद्रिका होत्या ना त्या वाजवण्याचे यंत्र, त्या पिढीला कानांबद्दल दोष देण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. दोष नंतरच्या आमच्यासारख्यांचा. आम्ही त्या संबंधाचा परिच्छेद केला, टिपण केले, प्रश्नपत्रिका केली, आणि दोन्ही बाजूंचा आवाज काढून घेतला. कारण जे ब्लूजचे झाले तेच वामनदादा कर्डकांचे. ज्यांची गाणी गावोगावी गायली गेली ते वामनदादा (१९२२–२००४) वर्गात येतात ते बहुधा एखाद्या यादीतले नाव म्हणून. दलित साहित्य म्हणजे कविता आणि आत्मकथन, असे आमच्या अभ्यासक्रमाने ठरवून टाकले. गाणे हे जणू त्याच्या अंगणातले.

अर्थात, मुंबईच्या कानांवर हे संगीत पडतच होते. १९३५ साली लिऑन अॅबीचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. गोव्याच्या वादकांनी ती विद्या उचलली. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आणि त्याचा ताफा १९५१ च्या 'अलबेला'त पडद्यावर दिसतो, आणि त्या चित्रपटाचे संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांचे. ब्रॅझ गोन्साल्विस या गोवेकर सॅक्सोफोनवादकाने तर पुढे रागदारी आणि जॅझ यांची सांगड घातली. नाचाच्या गाण्यात विरघळून हे सर्व आपल्या घराघरात पोचले. त्यावर विचार करण्याची आपल्याला गरज भासली नाही, कारण ते 'फिल्मी' होते.

इथे एक खबरदारी. जासईचा धवला म्हणजे आगऱ्यांचा ब्लूज, असे कोणी आमच्या तोंडी घालू नये. ब्लूजच्या मागे गुलामगिरी आहे, मुक्तीनंतरची वाटेकरीची वेठ आहे, वंशभेदाचे कायदे आहेत; धवला मंगलविधीचा आहे. दुःखाला दुःख जोडून तौलनिक साहित्याचा लेख तयार होतो, समज तयार होत नाही. जुळते ते एवढेच, की दोन्हीकडे ओळ एकटी नसते. तिला उचलणारे कोणी असते आणि मध्ये जागा असते. जात्यावरच्या ओवीतही हेच. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेकींचे आवाजही जपले गेले, हे आपले भाग्य. धवल्याच्या वाट्याला एवढे आलेले नाही, आणि त्या चार बायकांपैकी सर्वांत तरुण बाई साठीच्या पुढची होती.

त्या रात्री आम्ही वही काढून धवला उतरवून घेतला होता. शिक्षकाची सवय. परवा ती वही काढली. बावीस ओळी आहेत, स्वच्छ अक्षरात, प्रत्येक ओळ एकदाच. काही ओळींपुढे आम्ही कंसात 'दोनदा' असे लिहिले आहे. सॅक्सोफोन कुठे येत होता याची खूण कुठेही नाही, आणि कोणत्या ओळीनंतर बायका हसल्या होत्या, तेही आता आठवत नाही.