‘सुदैवाने’ हा शब्द मी विमानाच्या बातमीत परत लिहिणार नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण वाचा.

दिवाळीच्या साफसफाईत माझ्या जुन्या बातम्यांच्या कात्रणांची फाईल हाती लागली. तीन कात्रणं शेजारी शेजारी ठेवली. पहिलं २५ जुलै २०२२ चं. बारामतीहून उडालेलं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शेतात पडलं, आणि गावातल्या लोकांनी धावत जाऊन शिकाऊ वैमानिक मुलीला मदत केली. दुसरं १९ ऑक्टोबर २०२३ चं, कटफळ. तिसरं त्यानंतर तीनच दिवसांनी, २२ ऑक्टोबर, गोजुबावी.

तिन्ही बातम्या मीच केलेल्या. तिन्हींमध्ये दोन गोष्टी सारख्या. एक, ‘सुदैवाने जीवितहानी टळली’. दोन, ‘तांत्रिक बिघाड झाल्याचे समजते’. समजते म्हणजे कुणाकडून समजते? तिथं जमलेल्या गर्दीकडून. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात सहा ककार शिकवले होते. काय, कोण, कधी, कुठे, कसे आणि का. त्यातला ‘का’ मी तिन्ही वेळा गाळला. पाकळी वाकडी झालेल्या पंख्याचा फोटो मात्र मोठा छापून आणला.

म्हणून आज उशिरा का होईना, तो ‘का’ विचारतोय. आणि तो विचारायचा तर आधी एका माणसाबद्दल बोलावं लागेल, ज्याच्यावर मी वीस वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. छोट्या विमानांची देखभाल नीट होते की नाही हे तपासणारा सरकारी अधिकारी. डीजीसीएचा एअरवर्दीनेस इन्स्पेक्टर.

आधीच एक स्पष्ट करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये भांडणं सुरू होतील. आपल्याकडची ही तिन्ही विमानं देखभालीत खोट होती म्हणूनच पडली, असं मी म्हणत नाही. अपघाताचं कारण तपास अहवाल ठरवतो, मी नाही. पण २०२३ मध्ये सहा महिन्यांत पाच घटना झाल्यावर डीजीसीएनेच एका प्रशिक्षण संस्थेचं काम थांबवलं होतं, आणि त्या वेळी उड्डाणाबरोबर देखभालीच्या दर्जावरही बोट ठेवलं होतं. म्हणजे प्रश्न माझ्या मनातला नाही. सरकारच्याच तोंडचा आहे.

आता हा इन्स्पेक्टर करतो काय? आपल्या डोक्यात इन्स्पेक्टर म्हटलं की आरटीओचं पासिंग येतं. एजंटला पैसे द्या, गाडी न बघता शिक्का मिळतो. हे काम तसं नाही. किमान तसं असायला नको.

शिकाऊ विमान म्हणजे बहुतेक वेळा एका इंजिनाचं, दोन किंवा चार सीटचं यंत्र. पण त्याला जेवढं राबवतात तेवढं मोठं विमान राबत नाही. शिकणारा पोरगा दिवसात कितीतरी वेळा उतरतो आणि लगेच उडतो. हात नवा असतो, त्यामुळे विमान धावपट्टीवर आपटतं. सगळा मार पुढच्या चाकावर, टायरवर, ब्रेकवर. दर ५० तासांनी, १०० तासांनी तपासणी ठरलेली असते. ऑइल फिल्टर कापून आत धातूचा चुरा दिसतो का बघायचं. सुकाणूच्या केबलची एखादी तार तुटली आहे का, बोट फिरवून बघायचं. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का बघायचं. धूर जाणाऱ्या नळीला तडा गेला तर विषारी वायू केबिनमध्ये येतो, तो तडा शोधायचा. हे सगळं करतो लायसन्स असलेला मेंटेनन्स इंजिनिअर, आणि त्याची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही.

मग इन्स्पेक्टर कशाला? कारण तो इंजिनिअर संस्थेच्या पगारावर असतो!

हे नीट समजून घ्या, सगळी गोम इथंच आहे. कमर्शियल लायसन्ससाठी पोराला २०० तास उडावं लागतं. त्या तासांचे पैसे आई-बापाने भरलेले असतात. आपल्या भागात त्यासाठी जमिनी विकलेली घरं मला माहीत आहेत. विमान हँगरमध्ये उभं राहिलं की तास बंद. तास बंद की संस्थेचं मीटर बंद. पोरगा रोज विचारणार, सर माझा नंबर कधी? मालक विचारणार, अजून किती दिवस? आणि मधे उभा असतो हातात पाना घेतलेला पंचविशी-तिशीतला इंजिनिअर. “आज नको, भाग येऊ द्या,” असं म्हणायला त्याला किती हिंमत लागत असेल? बहुतेक जण म्हणतातही. त्यांच्या प्रामाणिकपणावर माझा आक्षेप नाही. पण त्या हँगरमध्ये ज्याचा पगार उडालेल्या तासांवर अवलंबून नाही, असा माणूस एकच. सरकारी इन्स्पेक्टर. विमान जमिनीवर ठेवा, हे नोकरीची भीती न बाळगता तोच सांगू शकतो.

आता तो माणूस आहे का, ते बघू.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने विमान सुरक्षेवर अहवाल दिला. अहमदाबादची दुर्घटना होऊन दोन-सव्वादोन महिने झाले होते. त्या अहवालात आहे की डीजीसीएत मंजूर पदं १०६३ आणि भरलेली ५५३. म्हणजे ५१० खुर्च्या रिकाम्या. जवळपास निम्म्या! यात सगळीच पदं तपासणीची नाहीत हे खरं. पण निम्मं खातं रिकामं असताना बारामती, जळगाव, गोंदियाच्या हँगरकडे यायला माणूस कुठून काढणार? मोठ्या एअरलाइन्सची शंभर-दोनशे माणसांची विमानं आधी बघणार. ते चूकही नाही. पण मग दोन सीटवाल्याचा नंबर शेवटीच लागणार.

एअरवर्दीनेसचं काम केलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांशी मागे बोललो होतो. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. मी विचारलं, साहेब, तपासणीला आल्यावर तुम्ही आधी काय बघता? मला वाटलं इंजिन म्हणतील. ते म्हणाले, स्टोअर. बदलून काढलेला भाग वेगळा ठेवलाय का, नव्या भागाचा कागद त्याच्यासोबत आहे का, टॉर्क पान्याची तपासणीची तारीख उलटून गेलीय का. मग लॉगबुक आणि शेवटी विमान. लॉगबुकात १०० तासांची तपासणी एका दुपारी झालेली दिसली, की हजेरीपट बघायचा, त्या दुपारी किती माणसं होती. कागद आणि लोखंड जुळतं का हे बघणं, एवढंच आमचं काम, असं म्हणाले. त्याला अख्खा दिवस लागतो, कधी दोन. आणि वेळ कमी असला की माणूस काय सोडतो? लोखंड सोडतो. कागद बघतो आणि निघतो.

हे ऐकून मला माझ्या तीन बातम्या आठवल्या. मीही तेच केलं होतं.

आता काही जण म्हणतील, इन्स्पेक्टर वाढवले की इन्स्पेक्टरराज येईल, चिरीमिरी वाढेल. उलट आहे हो. वर्षानुवर्षं तोच एक साहेब, आधी फोन करून येणार, जेवणाची सोय आधीच झालेली, हे कधी होतं? माणसं कमी असतात तेव्हा. चार वेगवेगळे अधिकारी न सांगता आले, तर कुणाकुणाला जेवायला घालणार?

दुसरा मुद्दा, माणसं मिळत नाहीत. का मिळत नाहीत? भरती यूपीएससीमार्फत, कासवाच्या गतीने. संसदीय समितीनेच ही पद्धत बदला म्हणून सांगितलंय. आणि पगाराचा भेद बघा. वैमानिकांना तपासणारे जे फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर, ते स्वतः वैमानिक असतात, त्यांना बाजारभावाचा विचार करून कंत्राटावर घेतलं जातं. देखभाल तपासणारा इंजिनिअर मात्र सरकारी वेतनश्रेणीवर. तेवढ्याच अनुभवाला खासगीत जास्त मिळत असेल तर तो थांबेल कशाला?

आणि सरकारला जमत नाही असं कुणी म्हणू नये. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफएएने भारताची सुरक्षा श्रेणी खाली उतरवली. तज्ज्ञ इन्स्पेक्टरांची कमतरता हे त्यातलं मोठं कारण. आपल्या विमान कंपन्यांना अमेरिकेत नवीन फेऱ्या वाढवता येईनात. मग काय झालं? पदं मंजूर झाली, माणसं आली, आणि एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी परत मिळाली. सव्वा वर्षात! वॉशिंग्टनने डोळे वटारले की सव्वा वर्ष पुरतं. कडबनवाडीच्या शेतात विमान पडलं की तीन वर्षंही पुरत नाहीत.

सगळीकडे दैव आपल्यासारखं मेहेरबान नव्हतं, हेही सांगतो. जुलै २०२१, चोपडा तालुका, प्रशिक्षक गेला. मार्च २०२३, गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं विमान बालाघाट जिल्ह्यात पडलं, प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी दोघंही गेले. २०१८ चं घाटकोपर तर सगळ्यांना आठवत असेल. दुरुस्तीनंतरचं चाचणी उड्डाण होतं ते. दोन वैमानिक गेले, रस्त्याने चाललेला एक माणूस गेला, आणि विमानात बसलेले देखभालीचे दोघं गेले. देखभालवालेही त्यात बसतात, हे आपण विसरतो.

सप्टेंबरअखेर डीजीसीएने देशातल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली. ‘ए प्लस’ मध्ये एकही नाही. ‘ए’ मध्येही एकही नाही. १३ संस्था ‘बी’ आणि २२ ‘सी’. आपल्या जिल्ह्यात एवढ्या टीव्ही कॅमेऱ्यांची गर्दी असते, कुणी यावर पाच मिनिटं दिली? तिकडे अमरावतीजवळ बेलोऱ्याला ३४ विमानांचं नवं प्रशिक्षण केंद्र होणार, त्याची घोषणा मात्र सगळ्यांनी दणक्यात छापली. मीसुद्धा. विमानं ३४ वाढणार, चांगलंच आहे, आपली पोरं वैमानिक होतील. इन्स्पेक्टर किती वाढणार, हे त्या प्रेसनोटमध्ये नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

आता विचारलंय. या आठवड्यात डीजीसीएला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपये फी, ऑनलाइन जातो. चार प्रश्न आहेत. मुंबई कार्यालयात एअरवर्दीनेसची पदं किती मंजूर आणि किती भरलेली. बारामती विमानतळावरच्या देखभाल विभागाच्या गेल्या तीन वर्षांत किती तपासण्या झाल्या. त्यातल्या न कळवता किती. आणि त्या तपासण्यांत किती विमानं जमिनीवर ठेवायला लावली.

कटफळ, गोजुबावी, कडबनवाडीच्या मंडळींना विनंती, हेच चार प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात घ्या आणि आपल्या खासदारांना पाठवा. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो, मेसेज करा. अर्जाचं उत्तर तीस दिवसांत यायला हवं. जे येईल ते, आणि नाही आलं तर तेही, इथंच टाकतो.