ओढ्याकाठचं गवत आणि दोन कोटी कोंबड्या

भिलारला पुस्तकांचं गाव करण्याची कल्पना ज्या गावावरून सुचली, ते हे-ऑन-वाय वेल्सच्या सीमेवर आहे. जुन्या पुस्तकांसाठी तिथे जगभरातून माणसं येतात. गावाला नाव देणाऱ्या वाय नदीचे मात्र हाल आहेत. २०२०च्या उन्हाळ्यात तिचं पाणी शेवाळाने हिरवंगार झालं. २०२३ मध्ये ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी संस्थेने नदीच्या इंग्लंडमधल्या भागाची प्रकृती ‘प्रतिकूल आणि खालावत जाणारी’ असल्याचं जाहीर केलं.

आता इंग्लंडमध्ये नदी जपणाऱ्या शेतकऱ्याला पैसे देण्याची सोय आहे. ब्रेक्झिटनंतर तिथल्या सरकारने जमिनीच्या क्षेत्रफळावर मिळणारं अनुदान टप्प्याटप्प्याने बंद केलं आणि पर्यावरणाच्या कामाला मोबदला द्यायचं ठरवलं. पिकाऊ शेताच्या कडेला चार ते बारा मीटरचा पट्टा गवताखाली ठेवा, त्यात खत टाकू नका आणि हेक्टरी ५१५ पौंड घ्या. ओढ्याकाठी अशा पट्ट्याचा उपयोग उघड आहे. उतारावरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याचा वेग गवतात मोडतो, गाळ तिथेच बसतो आणि मातीच्या कणांना चिकटलेलं, शेवाळाला पोसणारं स्फुरदही थांबतं. बांधावरचं गवत काय करतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

मग घोडं अडलं कुठे?

कोंबड्यांपाशी. वायच्या खोऱ्यात एका वेळी सुमारे दोन कोटी कोंबड्या पोसल्या जातात. त्यांच्या खाद्यातलं सोयाबीन समुद्रापलीकडून येतं. कोंबडी सुपरमार्केटात जाते, कोंबडखत खोऱ्यातल्या शेतांत पडतं. लँकेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाचा २०२२ मधला हिशेब असा, की गरजेपेक्षा सुमारे ३,००० टन जास्तीचं स्फुरद दर वर्षी या खोऱ्यात साचतं. नदीत मैलापाणीही येतं, पण मोठा वाटा शेतीचा. स्फुरदाने तुंबलेल्या अशा मातीपुढे पट्टा तोकडा पडतो. तो गाळ अडवतो. विरघळलेलं स्फुरद मात्र शेताखाली पुरलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून, गवताच्या खालून, थेट ओढ्यात उतरतं.

त्यात सरकारची धरसोड. ११ मार्च २०२५च्या संध्याकाळी, तरतूद संपल्याचं सांगून, या योजनेचे नवे अर्ज कुठलीही पूर्वसूचना न देता बंद करण्यात आले. तीन वर्षं पीक सोडायला तयार झालेल्या माणसाला ही वागणूक! पुढच्या वेळी तो फॉर्म भरण्याआधी दहादा विचार करेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

पट्ट्यांची योजना चालू राहायला हवी, तीही अधेमधे न थांबता. पण साचलेलं कोंबडखत खोऱ्याबाहेर नेण्याचा भार करदात्यावर किंवा एकट्या शेतकऱ्यावर टाकणं गैर आहे. तो खर्च कोंबडीवर नफा कमावणाऱ्या कंपन्यांचा आहे आणि नव्या शेडला परवानगी देण्याआधीच तो त्यांच्याकडून लेखी घेतला पाहिजे.